आमदार पुन्हा मत मागायला येणार असतील, तर पाच वर्षांचा हिशेब असा मांडा

नव्या उमेदवाराला आपण विचारतो, निवडून आलात तर काय करणार? विद्यमान आमदार पुन्हा उभे राहतात तेव्हा एवढ्यावर भागत नाही. त्यांनी पाच वर्षं काय केलं याचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयात, बांधकाम विभागात, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि निवडणूक आयोगाकडे असतात, आणि ते कुणालाही बघता येतात. फक्त कोणता कागद कुठे मागायचा आणि हातात आल्यावर त्यातलं काय वाचायचं, हे माहीत हवं.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात ग्रामसेविका होते, आता निवृत्त आहे. आमदार फंडातल्या कामांना जागेचे दाखले दिले, ठराव लिहिले, भूमिपूजनाचे मांडव उभे राहताना बघितले, निवडणुकीला मतदान अधिकारी म्हणून केंद्रावर बसले. अजूनही गावातली पोरं विचारायला येतात, "मॅडम, एवढ्या कोटींची कामं केली म्हणतात, खरी आहेत का हो?" त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. कोणाला मत द्यायचं हे त्यात नाही.

आधी वेळेचं बघा. सध्याची विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानातून आली, म्हणजे सगळं वेळेवर झालं तर पुढची निवडणूक २०२९ च्या उत्तरार्धात. त्यावेळी कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० तारखेला मतदान झालं. जेमतेम पाच आठवडे. एवढ्यात माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तरसुद्धा हातात पडेलच असं नाही. म्हणून वही आत्ताच घाला. दोनशे पानी साधी वही पुरते. पहिल्या पानावर आमदारांनी निवडून येताना दिलेली आश्वासनं लिहा, जमलं तर त्यांचं पत्रकच चिकटवा. पाच वर्षांनी ते पत्रक गावात कुणाकडेच सापडत नाही, हे मी दर निवडणुकीला बघत आले आहे.

कोणतं काम कोणाचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि त्याचा फायदाही इथेच घेतला जातो. आमदारांच्या कार्यअहवालात गावातलं गटारही असतं आणि राष्ट्रीय महामार्गही. दोन्ही त्यांचं नाही.

गावातले अंतर्गत रस्ते, गटारं, दिवे हे ग्रामपंचायतीचं काम. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, त्यात आमदारांचा हात नसतो. नगरपालिकेच्या हद्दीत हीच कामं पालिकेची. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. प्राथमिक शाळेची खोली आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याचं. एसटीचं आगार, महावितरणचं उपकेंद्र, पोलीस ठाणं, कालव्याचं आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी, तलाठ्याची रिकामी जागा हे सगळं राज्याच्या अखत्यारीत.

आमदार राज्याच्या सभागृहात बसतात. म्हणून त्यांना जाब विचारायचा तो मुख्यतः या शेवटच्या यादीवर. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे का? नसल्यामुळे सिझेरियनची बाई जिल्ह्याला न्यावी लागते का? आगारातून मुक्कामाची गाडी बंद झाली ती परत सुरू झाली का? उन्हाळी आवर्तन टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावापर्यंत पोचतं का? कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आमदार बसतात, तेव्हा हा प्रश्न थेट त्यांचाच आहे. माझ्या मते रुग्णालयातल्या एका रिकाम्या पदाचं वजन गावातल्या चार पेव्हर ब्लॉकच्या चौकांपेक्षा जास्त आहे, पण पेव्हर ब्लॉकला पाटी लागते आणि रिकाम्या पदाला लागत नाही.

एक गोष्ट मात्र आमदारांच्या बाजूने सांगितली पाहिजे. २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर आणि महापालिकांवर निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते. त्या काळात दिव्यापासून दाखल्यापर्यंत सगळ्यासाठी लोक आमदारांकडेच गेले. तेव्हा त्यांनी गटाराचं काम मार्गी लावलं असेल तर त्याचं श्रेय द्यावं. पण ते दुसऱ्याचं काम होतं हे वहीत लिहून ठेवावं.

राज्यभराच्या योजनांचंही तसंच. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून आली, महिन्याला १,५०० रुपये. ती सगळ्याच्या सगळ्या २८८ मतदारसंघांत आली. ती बरी की वाईट हे सरकारला मत देताना जरूर धरा, पण ती तुमच्या आमदारांनी तुमच्या गावाला आणलेली गोष्ट नाही. तुमच्या तालुक्यात कुणाचे अर्ज अडकले, त्यांच्यासाठी कोण धावलं, एवढाच भाग त्यांचा.

फलक वाचायला शिका

रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असतो. लोक त्यावरचा फोटो बघतात. तुम्ही फोटोखालचा मजकूर बघा.

पहिल्यांदा लेखाशीर्ष शोधा, म्हणजे पैसा कोणत्या सरकारी खात्यातून आला हे सांगणारा आकडा किंवा योजनेचं नाव. "५०५४" किंवा "३०५४" असेल तर तो रस्ते-पुलांचा सरकारी निधी. "२५१५" असेल तर ग्रामविकास विभागाचा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचा निधी. आमच्या ऑफिसात सगळे त्याला "पंचवीस-पंधरा" म्हणायचे. "आमदार स्थानिक विकास कार्यक्रम" असं लिहिलं असेल तर तो आमदार फंड. "जिल्हा वार्षिक योजना" असेल तर जिल्हा नियोजन समितीचा पैसा. आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजना किंवा जलजीवन मिशन असेल तर केंद्राची योजना. लेखाशीर्ष कळलं की हे काम कोणामुळे आलं याचा निम्मा वाद मिटतो.

मग तारखा. सरकारी कामाची चाल ठरलेली आहे: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि मग ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कार्यारंभ आदेश. त्यानंतर खोदाई. आमदारांनी मंत्र्यांना दिलेलं पत्र या साखळीत कुठेच नाही. ते पत्र म्हणजे विनंती आहे, आणि त्याचा फोटो मोबाईलवर फिरला म्हणून काम मंजूर होत नाही. तसंच भूमिपूजनाचं. माझ्या सेवेत एका वस्तीच्या रस्त्याचं भूमिपूजन दोन वेगवेगळ्या निवडणुकांच्या आधी झालं. दोन्ही वेळा नारळ फुटला, दोन्ही वेळा कार्यारंभ आदेश निघालेला नव्हता. शाळेतली पोरं पावसाळ्यात त्या वाटेनं चपला हातात धरून येत. त्या आमदारांना दुसऱ्या वेळी कुणीतरी सभेत उठून विचारलं असतं, "प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख सांगा," तर पुढचं चित्र वेगळं असतं, असं मला आजही वाटतं. सभेत सगळे शेतकरी होते, हा प्रश्न असा विचारायचा असतो हे कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

निवडणुकीच्या तोंडावर नारळांची एवढी घाई का होते त्यालाही कारण आहे. आचारसंहिता लागली की नवी घोषणा, नवं भूमिपूजन बंद. कार्यारंभ आदेश निघालेला असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर ते सुरू करता येत नाही. आधीपासून चालू असलेलं काम मात्र चालू राहतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात जेसीबी येतो, दोन खड्डे काढतो आणि जातो. अशा कामांची यादी वहीत वेगळ्या पानावर करा. मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्या जागांवर स्वतः जाऊन बघा, खडी पडली का, माणूस आहे का.

झालेल्या कामाच्या फलकावर दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. तुमच्या भागात असा उखडलेला रस्ता असेल तर आमदारांनी त्याबद्दल ठेकेदाराला धरलं की त्याच रस्त्यासाठी पुन्हा नवा निधी आणून पुन्हा फलक लावला, हे विचारण्यासारखं आहे.

आमदार फंडाची यादी मागवा

सगळ्या आमदारांना सारखी मिळणारी एकच रक्कम आहे, ती म्हणजे स्थानिक विकास निधी. सत्तेतला असो की विरोधातला. वर्षाला २ कोटी होते, ते २०२० मध्ये ३, २०२१ मध्ये ४ आणि २०२२ मध्ये ५ कोटी झाले. या दरानं पाच वर्षांत २५ कोटी. विरोधी बाकावरचे आमदार म्हणतात, "आम्हाला सरकार निधी देत नाही." बाकीच्या निधीबाबत ते खरं असू शकतं. पण या २५ कोटींबाबत ते कारण चालत नाही, म्हणून तुलना करायची तर इथेच करा.

यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे असते. माहिती अधिकारात जोडपत्र "अ" मध्ये अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. राज्य शासनाच्या माहिती अधिकाराच्या संकेतस्थळावरूनही अर्ज होतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे भाषण लिहू नका. मजकूर एवढाच ठेवा:

"अमुक विधानसभा मतदारसंघात आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत आर्थिक वर्ष अमुक ते अमुक या काळात मंजूर झालेल्या कामांची यादी द्यावी. कामाचे नाव, गाव, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, यंत्रणा, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक आणि कामाची सद्यस्थिती यांसह."

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा "माहिती विस्तृत आहे" असं कळवलं तर जोडपत्र "ब" मध्ये पहिलं अपील करा. अपिलाला २० रुपये. घाबरायचं काही नाही, टेबलाच्या पलीकडे बसून मी असे अर्ज वर्षानुवर्षं हाताळले आहेत. नीट लिहिलेल्या, नेमक्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

यादी आली की तीन गोष्टी बघा. पहिली, कामांचा प्रकार. सभामंडप, कमान, हायमास्ट, स्मशानशेड, व्यायामशाळा हे किती आणि शाळा, पाणी, रुग्णालयाचं साहित्य हे किती. देवळाच्या सभामंडपाला मी नावं ठेवत नाही, गावाची बैठक तिथेच होते, लग्नही तिथेच होतं. पण पाच वर्षांत एका गावाला सभामंडपच मिळाला असेल आणि त्या गावच्या शाळेला मुलींचं स्वच्छतागृह नसेल, तर ते दिसलं पाहिजे. दुसरी, मंजूर आणि खर्च यांतलं अंतर. मंजूर रक्कम फलकावर येते, खर्च कुठेच येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निवडणुकीनंतर नमुना २० हा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात मतदान केंद्रनिहाय कोणाला किती मतं पडली ते असतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. हा तक्ता आणि फंडाची यादी शेजारी ठेवा. ज्या गावांनी आमदारांना भरभरून मतं दिली तिथे किती कामं गेली आणि ज्या गावांनी पाडलं तिथे किती, हे एका दुपारी निघतं. निवडून आल्यावर आमदार सगळ्या मतदारसंघाचे असतात. ज्या केंद्रावर त्यांना कमी मतं होती तिथल्या वाडीलाही पाणी मिळालं असेल, तर त्या एका ओळीसाठी मी त्यांच्या खात्यावर मोठी जमेची नोंद करीन. आणि ती वाडी मुद्दाम कोरडी ठेवली असेल, तर बाकी कितीही कोटी असोत, ते मला मान्य नाही.

सभागृहात काय केलं

अधिवेशनं वर्षाला तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज मराठीतच आहे. वाचायला अवघड नाही, फक्त साचा ओळखीचा करून घ्या. प्रश्न असा असतो: "अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?" आणि मंत्र्यांचं उत्तर: "अंशतः खरे आहे." किंवा "हे खरे नाही." किंवा शेवटी "प्रश्न उद्भवत नाही." हे "अंशतः खरे आहे" जिथे दिसेल तिथे थांबून वाचा, खरी माहिती त्याखालीच असते.

नुसती प्रश्नांची संख्या मोजू नका. एकाच प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावं असतात, त्यामुळे आकडा फुगतो. तुमच्या तालुक्याचं, गावाचं, नदीचं नाव प्रश्नाच्या मजकुरात आहे का ते शोधा. लक्षवेधी सूचना किती मांडल्या तेही बघा, कारण लक्षवेधीला मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं.

आमच्याकडे ऑगस्ट २०१९ ला महापूर आला आणि ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. नंतर जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. पूर असताना होडीत बसलेले फोटो सगळ्यांचेच होते. मी मुलांना सांगते, फोटो राहू द्या. त्यानंतरच्या अधिवेशनांत पूररेषा, पुनर्वसनाची जागा, पडलेल्या घरांचं अनुदान यावर कोण बोललं ते काढा. ज्याच्या भागात जे संकट येऊन गेलं, दुष्काळ असेल, गारपीट असेल, दरड असेल, त्यानं त्याच विषयाचा शोध घ्यावा. पाच वर्षांतलं सगळं वाचायची गरज नाही.

तुमचे आमदार मंत्री असतील तर मात्र ही मोजपट्टी लावू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री असू शकतात. त्यांच्याकडून खात्याचा हिशेब घ्या.

दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवा

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे मतदारांना ही माहिती मिळू लागली. विद्यमान आमदारांचं वैशिष्ट्य असं, की त्यांची किमान दोन प्रतिज्ञापत्रं असतात, मागच्या वेळचं आणि आत्ताचं. आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात, आयोगाच्या "नो युवर कॅन्डिडेट" या मोबाईलवरच्या सुविधेतही उमेदवाराची माहिती दिसते.

वर्तमानपत्रात मथळा येतो, "आमदारांची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट." त्यावरून लगेच मत बनवू नका. स्थावर मालमत्तेसमोर चालू बाजारभाव लिहायचा असतो. वडिलोपार्जित जमिनीशेजारून बायपास गेला तर काहीही न विकता-घेता रक्कम दुप्पट होते. त्यापेक्षा गट नंबर जुळवा. जुन्या प्रतिज्ञापत्रात नसलेला गट नंबर नव्यात आला का? त्याच्यासमोर खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत असते. मग पहिल्या पानांवर जा. तिथे मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं वेगवेगळं असतं. समजा पाच वर्षांचं मिळून उत्पन्न ६० लाख आहे आणि त्याच काळात दीड कोटीची जमीन घेतली आहे. तर उरलेले कुठून आले, याचं उत्तर कर्जाच्या रकान्यात मिळायला हवं, किंवा जुनी मालमत्ता विकल्याचं दिसायला हवं. दोन्ही नसेल तर तो प्रश्न सरळ विचारण्याजोगा आहे. सातबारा बघायचा असेल तर महाभूलेखवर गट नंबर टाकून फुकट दिसतो.

सरकारशी कंत्राट आहे का, हाही रकाना आहे, जोडीदाराचा आणि अवलंबितांचाही. तो कोरा आहे की भरलेला, बघून ठेवा.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्या नको, कलमं वाचा. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली असे खटले आंदोलन करणाऱ्या प्रत्येकावर असतात आणि कधीकधी ते आपल्यासाठीच अंगावर घेतलेले असतात. फसवणूक, मारहाण, महिलांवरचे गुन्हे, पतसंस्थेतला अपहार ही वेगळी गोष्ट. आरोप निश्चित झालेत का, हे तिथेच लिहिलेलं असतं. खटल्याचा क्रमांक न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर टाकला की पुढची तारीखही कळते. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांना प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहिरात द्यावी लागते, त्यामुळे आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या चौकटी वाचत जा. जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापत्र देणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे.

आमच्या भागात आणखी एक कागद बघावा लागतो. आमदार बहुतेक वेळा एखाद्या कारखान्याचे, पतसंस्थेचे, शिक्षणसंस्थेचे सर्वेसर्वा असतात. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यावी असा नियम आहे. त्यांच्या कारखान्यानं ती वेळेवर दिली का, हे सभासदाला पासबुकावर दिसतं. स्वतःच्या संस्थेत माणसांचे पैसे वेळेवर देणारा माणूस सरकारच्या पैशाबद्दलही बरा निघण्याची शक्यता मी जास्त धरते.

"साहेब सुखदुःखाला येतात"

याला कमी लेखू नका. दहाव्याला येणं, लग्नात अक्षता टाकणं, रात्री दोनला रुग्णालयात फोन करणं याची गरिबाला किंमत असते. माझ्या शेजारणीच्या मुलाला पुण्यात खाट मिळाली ती अशाच एका फोनमुळे. ती बाई त्या आमदारांना जन्मभर मत देईल आणि ते मी समजू शकते.

तरीही वहीत तो रकाना वेगळा ठेवा. फोन का करावा लागला, हा त्यापुढचा प्रश्न आहे. तालुक्याच्या रुग्णालयात अतिदक्षता कक्ष असता, तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचं प्रकरण चिठ्ठीशिवाय पुढे सरकत असतं, तर फोनची गरज कितीजणांना पडली असती? जे आमदार पाच वर्षांत अशा फोनांची संख्या कमी करतात त्यांचं काम दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम शोधावं लागतं. तहसीलमधल्या कारकुनाला विचारा, सेतूच्या पोराला विचारा. ते खरं सांगतात.

पक्ष बदलला असेल तर

२०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. त्यामुळे २०२४ ला अनेक विद्यमान आमदार वेगळ्या नावाखाली, वेगळ्या चिन्हावर उभे होते. कोण बरोबर हे ज्यानं त्यानं ठरवावं. मतदार म्हणून दोन गोष्टी विचारायच्या: आधीच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातलं कोणतं आश्वासन आता सोडलं, आणि बाजू बदलल्यावर मतदारसंघाला नेमकं काय मिळालं, लेखाशीर्षासकट. "विकासासाठी गेलो" म्हणत असतील तर तो विकास फलकावर, तारखेसकट दाखवता आला पाहिजे. जे बाजू न बदलता राहिले त्यांनाही हेच विचारा, राहून काय मिळवलं.

समोर आल्यावर

पदयात्रेत दारात आलेल्या आमदारांशी बोलायला अर्धं मिनिट मिळतं. कॉर्नर सभेत थोडं जास्त. एकच प्रश्न ठरवून जा, आणि कागद हातात ठेवा. "रस्त्याचं काय झालं?" असं विचारलंत तर "होणार, होणार, काळजी करू नका" हेच ऐकाल. "साहेब, अमुक वस्तीच्या रस्त्याला मार्चमध्ये मान्यता मिळाली, निविदा का निघाली नाही?" असं विचारलं की स्वीय सहायक वही काढतो. आवाज चढवू नका, नमस्कार करून, "साहेब" किंवा "ताई" म्हणूनच विचारा. गावात उद्याही एकत्रच राहायचं असतं. उत्तर मिळालं तर ते तारखेसह लिहून घ्या.

समोरच्या उमेदवारालाही सोडू नका. तो माजी आमदार, जिल्हा परिषद सदस्य किंवा नगराध्यक्ष असेल तर त्याचाही कागद आहे, तोही काढा. अगदी नवा असेल तर त्यानं या पाच वर्षांत आमदारांच्या कोणत्या चुकीवर वेळीच बोट ठेवलं होतं ते विचारा. फक्त निवडणुकीत जागा झालेला विरोध मला पुरेसा वाटत नाही.

प्रचारात पैसे, साड्या, जेवणावळी दिसल्या तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाईलवरच्या तक्रार सुविधेत फोटो किंवा व्हिडिओ टाका. नाव न देताही तक्रार करता येते, आणि १०० मिनिटांत त्यावर कार्यवाही व्हावी अशी ती व्यवस्था आहे.

मतदानापुरतं थोडक्यात. नाव यादीत आहे का, हे उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याच्या आधीच बघा; नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला नमुना ८, अडचण आली तर १९५० वर फोन. ८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी नमुना १२-ड वेळेत भरावा लागतो. यंत्रावर एकसारख्या नावाचे दोन-तीन उमेदवार असू शकतात आणि मिळतीजुळती चिन्हंही. नावाशेजारी फोटो असतो, तो बघून बटण दाबा आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती वाचा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, तुमचा तो हक्क आहे. नोटाचं, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" असं बटण आहे, पण नोटाला कितीही मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारांतला सगळ्यात जास्त मतांचाच.

निकाल लागल्यावर वही बंद करू नका, अजून दोन कागद यायचे असतात. नमुना २० चा नवा तक्ता उतरवून घ्या, पुढच्या पाच वर्षांच्या फंडाच्या यादीशेजारी तोच लागणार आहे. आणि प्रत्येक उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. महाराष्ट्रात विधानसभेची मर्यादा ४० लाख रुपये आहे. हा हिशेब कोणालाही नाममात्र शुल्क भरून बघता येतो. तुमच्या गावात झालेली सभा, मांडव, गाड्या त्यात दाखवल्या आहेत का ते तपासा. सभेची तारीख तुमच्या वहीत असेलच.